आमच्या जिभाऊंची माणुसकी, आणि तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांनी काय शिकवलं तेही लिहा

अरुणावतीकाठ :

राम राम मंडळी. आमचे जिभाऊ म्हणजे माझे आजोबा आता नव्वदीत आहेत, ऐकायला कमी येतं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय पण डोकं एकदम शाबूत, आणि ते आहेत तोवर त्यांच्याकडून सगळं विचारून लिहून ठेवावं असं फार वाटतं म्हणून हा धागा. आमचं गाव शिरपूर तालुक्यात मुंबई-आग्रा हायवेला लागून. शेती कापूस, ज्वारी, मका. जिभाऊ फार शिकलेले नाहीत आणि उपदेश तर कधीच करत नाहीत, पण दुसऱ्याशी वागायचं कसं हे आम्ही नातवंडं जे काही शिकलो ते त्यांच्याकडे बघूनच शिकलो.

आधी पाण्याचं सांगतो. आपल्याकडचा उन्हाळा माहितीच आहे, एप्रिल-मे मधे ४३-४४ डिग्री म्हणजे नेहमीचंच. दारात कोणीही येऊ दे, भंगारवाला, मेंढरं घेऊन चाललेला ठेलारी, बँकेचा वसुलीवाला, जिभाऊंचं एकच, "पहिले पानी दे, मंग इचार कोठला शे." लहानपणी वाटायचं ही फक्त पाहुणचाराची पद्धत आहे. मोठं झाल्यावर एकदा त्यांनी नीट सांगितलं की आधीच्या काळात दारात आलेल्याला गाव आणि आडनाव विचारायचे ते जात कळावी म्हणून, आणि जात कळली की मग ठरायचं कुठल्या भांड्यातून पाणी द्यायचं. त्यांच्या वडिलांच्या वेळी मागच्या दारी वळचणीला एक वेगळा जर्मनचा (ॲल्युमिनियमचा) पेला खोचलेला असायचा. जिभाऊंच्या हातात कारभार आला तेव्हा त्यांनी तो पेला काढला आणि सगळ्यांना घरातलाच तांब्या. भाऊबंदकीतले काही लोक बरेच दिवस आमच्याकडे पाणी प्यायचे नाहीत म्हणे. जिभाऊ कोणाशी भांडले नाहीत, पण पेलाही परत आला नाही. म्हणजे विचारपूस करूच नका असं नाही, उलट ते तासभर विचारपूस करतात, पण पाणी पिऊन झाल्यावर. आधी विचारलं की समोरच्याला वाटतं बरोबर उत्तर दिलं तरच पाणी मिळणार.

दुसरं बहात्तरच्या दुष्काळाचं. १९७२ ला आमच्याकडे ज्वारीचं कणीसही भरलं नाही, रेशनवर तो लाल मिलो (बाहेरून आणलेली लाल ज्वारी) मिळायचा, खडी फोडायच्या कामावर पोरांना सुकडी (पौष्टिक पिठाचा खाऊ) मिळायची, हे सगळं तुमच्याही घरात ऐकलं असेल. त्या वर्षी बऱ्याच जणांनी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतगडी, सोडून दिले कारण त्यांना द्यायला काही नव्हतंच. आपल्याकडे सालदाराचं साल अखजीला (अक्षय तृतीयेला) ठरतं, उचल आधी दिलेली असते आणि मग वर्षभर त्याने ती कामातून फेडायची. शेतात काम नाही तर उचल फिटणार कशी, आणि सोडून दिला तर डोक्यावर कर्ज घेऊन जाणार कुठे. जिभाऊ स्वतः आपल्या सालदाराबरोबर खडी फोडायला गेले, दोघं एकाच डबरीवर, गावात लोक म्हणायचे मालक आणि सालदार एकाच मस्टरवर. मिलोच्या भाकरी दोन्ही घरात सारख्याच. पुढच्या अखजीला हिशोबाला बसले तेव्हा उचल तशीच बाकी होती. आता माफ केली असती तर ते पण मोठेपणाचंच झालं असतं, पण जिभाऊंनी काय केलं तर वही काढून त्याच्या कामाचा हिशोब मांडला, रात्रीचं राखणीचं काम, विहिरीतला गाळ काढला ते दिवस, बैल आजारी होता तेव्हाच्या रात्री, असं एकेक मोजत नेलं आणि म्हणले की बाबा उचल तर कधीच फिटली, मीच तुझं थोडं देणं लागतो. ती सगळी कामं सालदाराने खरंच केली होती, फक्त आजपर्यंत कोणी धरली नव्हती. तो माणूस बाहेर पडला तो ताठ मानेने पडला. मला ही गोष्ट जिभाऊंनी नाही सांगितली, त्या सालदार बाबांनीच सांगितली.

तिसरं तर मी डोळ्यांनी पाहिलं. २०२० च्या लॉकडाऊनमधे एप्रिल-मे महिन्यात मुंबई, ठाणे, नाशिककडून माणसं हायवेने चालत निघालेली, यूपी-एमपीकडे, पोरं खांद्यावर, पुढे पळासनेर आणि बिजासन घाटाजवळ बॉर्डरवर हजारो खोळंबलेले. धुळ्यापासून पुढे गावोगावी लोकांनी जेवणं दिली, आमच्याही गावाने दिली. जिभाऊ तेव्हा पंच्याऐंशीच्या आसपास, घरचे त्यांना बाहेर पडू देत नव्हते तर ओसरीवर बसून सगळं सांगायचे. रांग लावायची नाही. रस्त्याकडेला निंबाखाली खाटा टाका, माणूस आधी बसला पाहिजे. भाकरी-पिठलं हातात न देता टेबलावर झाकून ठेवा, ज्याला जेवढं लागतं तेवढं तो घेईल. "त्याले मांगाले लावू नको" हे तर दिवसातून दहादा. पाय सुजलेले असायचे लोकांचे म्हणून घमेल्यात मीठ घातलेलं कोमट पाणी. एक एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढून ठेवला फोन चार्ज करायला, ही आयडिया मात्र माझ्या चुलतभावाची. आणि फोटो काढायचा नाही. तालुक्याहून कोणीतरी फोटो काढायला आले होते, जिभाऊंनी त्यांना पण खाटेवर बसवून पाणी दिलं आणि सांगितलं की ह्या माणसाला गावी बायको-पोरं आहेत, त्यांनी बापाला हात पसरलेला बघू नये.

तर असं आहे. तुमच्या घरातलं लिहा. मी रोज संध्याकाळी जिभाऊंना वाचून दाखवणार आहे (मोठ्याने ओरडून वाचावं लागतं).

---

अमळनेरची माहेरवाशीण :

वाचून गलबलून आलं दादा. वळचणीच्या पेल्याचं तर आमच्याही आजोळी होतं आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही, तुम्ही लिहिलं ते बरं केलं.

माझी आजी, आम्ही जिजी म्हणायचो. तिचं शिळ्या अन्नाच्या बाबतीत फार कडक होतं. कापूस वेचायला बाया यायच्या, हिवाळ्यात शेतातच तुरकाठ्यांवर वांगी भाजून भरीत व्हायचं, कळण्याच्या भाकरी, तर पहिला घाणा बायांच्या पानात, आम्ही नंतर. घरात उरलेलं असेल तर ते आम्ही खायचं. ती म्हणायची ज्या हातांनी दिवसभर कापूस वेचला त्या हातांना गरम भाकरीचा चटका बसू दे. आणि जुने कपडे कोणाला द्यायचे असतील तर आधी धुवायचे, गुंडी तुटली असेल तर लावायची, मग तांब्यात निखारे घालून त्याने इस्त्री करायची आणि घडी घालून कोऱ्या कापडासारखं द्यायचं. मी विचारलं होतं एवढं कशाला, तर म्हणे फाटकं दिलं तर ती आपली अडगळ काढली, दिलं कुठे.

अमळनेरचा विषय निघालाय तर साने गुरुजींचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत प्रताप हायस्कूलला शिक्षक होते आणि तिथल्या छात्रालयाचं पण बघायचे. मुलांच्या खोल्या स्वतः झाडणं, पसरलेल्या वस्तू जागेवर लावून ठेवणं, आजारी मुलाजवळ रात्र-रात्र बसणं, हे सगळं ते करायचे आणि रागावून शिस्त लावायच्या ऐवजी असं करून लावायचे. मुलं आपोआप लाजून आवरायला लागायची. जिजी शाळेत गेली नव्हती पण अमळनेरात त्या पिढीतल्या लोकांकडून हे ऐकत ऐकतच ती मोठी झाली. आम्ही पसारा केला की ती ओरडायची नाही, मुकाट्याने आवरायला घ्यायची, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागायचं.

---

पांझरा धुळे :

चांगलं लिहिलंय पण एक विचारतो, राग मानू नका. आजच्या दिवसात हे जमतं का? धुळ्यात बसस्टँडवर रोज कोणीतरी भेटतो, पाकीट मारलं गेलं, गावी जायला दोनशे रुपये द्या, आणि पुढच्या आठवड्यात तोच माणूस तीच गोष्ट दुसऱ्याला सांगताना दिसतो. माझे वडील पण भोळे होते, त्यांना जवळच्याच एका माणसाने दवाखान्याचं कारण सांगून बरेच पैसे नेऊन परत दिले नाहीत, आईला त्याचा फार त्रास झाला. त्यामुळे मी आता सरळ पुढे निघून जातो, पण मग घरी येऊन चुटपुट लागते की खरंच गरज असेल तर. जिभाऊंना विचाराल का, त्यांना कधी कोणी फसवलं नाही का?

---

केळीबाग रावेर :

+१ धाग्याला. आमच्याकडे मे-जून मधे वादळ आलं की उभी केळी आडवी होते, घड कापणीला आलेला असतो आणि एका तासात वर्ष गेलं. बाबांचा नियम, आपली बाग वाचली असेल तर त्या दिवशी आपल्या बागेत पाय ठेवायचा नाही, आधी ज्याची पडली त्याच्याकडे जायचं. जाऊन 'अरेरे' करायचं नाही, विळा घेऊन जायचं आणि कामाला लागायचं, जे घड विकता येण्यासारखे आहेत ते आधी काढून घ्यायचे कारण व्यापारी पडलेल्या मालाला भाव पाडतो आणि उशीर केला तर तोही जातो. बोलणं रात्री. बाकी माझं टायपिंग स्लो आहे, पुन्हा लिहीन.

---

अरुणावतीकाठ :

@पांझरा धुळे, राग कसला, काल संध्याकाळी जिभाऊंना तुमचा प्रश्न वाचून दाखवला. पहिल्यांदा हसले आणि म्हणले फसवलंय ना, खूप जणांनी. मग एक किस्सा सांगितला जो मी पण आधी ऐकला नव्हता.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक ओळखीतलाच माणूस आला, बायको धुळ्याला सिव्हिलला ॲडमिट आहे, पैसे पाहिजेत. जिभाऊंनी दिले. नंतर कळलं बायको माहेरी चांगली धडधाकट. घरात सगळे चिडले, त्याला गावात उघडं पाडा म्हणले. जिभाऊ नाही म्हणले, पण त्यांनी त्यानंतर पद्धत बदलली. कोणी दवाखाना सांगितला की ते टोपी घालून उठायचे, "चाल, मी बी येस" (चल, मी पण येतो). खरं असेल तर त्या माणसाला पैशापेक्षा सोबतीची गरज जास्त असते, दवाखान्यात केसपेपर कुठे काढायचा, रक्त कुठून आणायचं, रात्री बाहेर कोण बसणार, आणि खोटं असेल तर तो स्वतःच म्हणतो राहू द्या जिभाऊ, तुम्ही कशाला त्रास घेता, बघतो मी. दोन्ही वेळेला त्याला तोंडावर खोटारडा म्हणायची वेळ येत नाही. बसस्टँडच्या माणसाबद्दल त्यांचं म्हणणं की दोनशे देऊ नका, तिकीट काढून बसमधे बसवा, आणि तेवढा वेळ नसेल तर नीट नाही म्हणा, त्याच्याकडे बघून म्हणा. न बघता निघून जाऊ नका एवढंच.

आणि तुमच्या वडिलांबद्दल ते म्हणले की पैसे गेले त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण घरातल्या बाईला न विचारता दिले असतील तर ते चुकलं, कारण ते पैसे तिचेही होते. हे मला पटलं.

---

पांझरा धुळे :

आई शेजारीच बसली होती, तिला वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा वाचायला लावलं तिने. जिभाऊंना नमस्कार सांगा.

---

निंबाची सावली :

धागा आवडला म्हणूनच लिहिते. जिभाऊ ओसरीवर बसून सांगत होते हे छान, पण लॉकडाऊनमधे त्या शेकडो भाकरी भाजल्या कोणी? खानदेशात मे महिन्यात चुलीपुढे बसणं म्हणजे काय असतं ते बसणारीलाच माहीत. माझ्या सासरी पण दारातून कोणी उपाशी जाऊ नये अशी ख्याती होती आणि ती ख्याती सासऱ्यांची, पण रात्री दहाला चार पाहुणे आले की परत पीठ मळायला मी आणि जाऊबाई. कोणी एकदाही विचारलं नाही तुम्ही जेवल्या का. घरातल्या बाईला माणूस न समजता बाहेरच्याला माणुसकी दाखवणं ह्याला मी तरी दया म्हणणार नाही. तुमच्या घरात असंच असेल असं म्हणत नाहीये, पण आजीबाईंचा ह्यात एकदाही उल्लेख नाही म्हणून विचारावंसं वाटलं.

---

अरुणावतीकाठ :

ताई, अगदी योग्य विचारलं. ह्यावेळी मी जिभाऊंना न विचारता थेट मोठमायला, म्हणजे आजीला विचारलं, ती लसूण सोलत होती.

ती म्हणे भाकरी आम्ही सहा जणी करत होतो, मी, तुझी आई, काकू, आणि गल्लीतल्या तिघी. पहिले तीन-चार दिवस हाल झाले. मग तिने सांगून टाकलं की सकाळी नऊला आम्ही बाया आधी जेवणार, त्यानंतर चूल पेटेल, आणि पीठ मळायला, लाकडं फोडायला, कांदा चिरायला पुरुष बसतील नाहीतर हे बंद. जिभाऊ दुसऱ्या दिवसापासून कांदे घेऊन बसले, हे मला आठवतंय, मी आणि चुलतभाऊ पीठ मळत होतो. दुपारी एक ते चार चूल बंद, तेव्हा फक्त मुरमुरे, गूळ-शेंगदाणे आणि ताक.

मग तिने जे सांगितलं ते मला पूर्ण नवीन होतं. म्हणे, तुझ्या जिभाऊंना पाण्याचं कोणी शिकवलं ते विचारलंस का कधी. तो वळचणीचा पेला जिभाऊंच्या वडिलांनी ठेवलेला, पण वडील शेतात गेले की जिभाऊंची आई, म्हणजे मोठमायची सासू, मागच्या दाराने कोणी आलं की तो पेला तसाच ठेवून घरातल्या तांब्यातून पाणी द्यायची, आणि लहानग्या जिभाऊंना सांगायची बाबांना बोलू नको. घरात तिला काहीच बोलायची सोय नव्हती, डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही, पण तिने तिच्या हातात होतं तेवढं केलं. मोठमाय लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिलाही हेच सांगितलं होतं. म्हणजे जिभाऊंनी पेला काढून फेकला तोपर्यंत घरातल्या दोन बाया तो पेला कधीच्या वापरत नव्हत्या.

जिभाऊंना नंतर विचारलं हे खरं का, तर म्हणे, "हाऊ, मायनंच शिकाडं माले." आणि बराच वेळ तिच्याबद्दल बोलत राहिले, ते सगळं मी वेगळं लिहून घेतलंय. तिचा एकही फोटो नाहीये आमच्याकडे.

---

निंबाची सावली :

मोठमायना माझा नमस्कार, आणि चूल पेटायच्या आधी बाया जेवणार हा नियम तर प्रत्येक घरात भिंतीवर लिहावा असा आहे. तुमच्या पणजीबद्दल लिहून घेताय ते पूर्ण करा, सोडू नका.

---

सातपुडा मास्तर :

मी धडगाव तालुक्यात झेडपी शाळेवर आहे, मूळ चोपड्याचा. इकडचं थोडं लिहितो कारण वर सगळी उदाहरणं ज्याच्याकडे आहे त्याने नसलेल्याला देण्याची आहेत आणि इकडे मी वेगळंच बघतो.

आमच्या पाड्यावर एक म्हातारे बाबा आहेत, पावरा समाजाचे, वय त्यांनाही नक्की माहीत नाही. पाडे डोंगरावर विखुरलेले, एक घर ह्या टेकडीवर तर दुसरं पलीकडच्या, बऱ्याच पाड्यांना अजून गाडीरस्ता नाही, नर्मदेच्या काठच्या गावांना तर तरंगता दवाखाना बोटीने जातो. पावसाळ्यात कोणी आजारी पडलं, बाळंतपण अडलं, की बांबूला झोळी बांधून रस्त्यापर्यंत न्यावं लागतं. अशा वेळी ते बाबा अंगणात उभे राहून एक लांब हाक देतात, समोरच्या टेकडीवरचा ती पुढे देतो, आणि थोड्याच वेळात माणसं जमलेली असतात. कोणाच्या घरचं आहे हे बऱ्याच जणांना झोळी उचलल्यावर कळतं. खांदा बदलायचा असतो तेव्हा कोणी सांगावं लागत नाही, मागचा पुढे येतो. मी नवीन होतो तेव्हा एकदा झोळी नेणाऱ्यांना चहा-नाश्त्याचे पैसे द्यायला लागलो तर बाबांनी हात धरला. रागावले नाहीत, एवढंच म्हणाले की मास्तर, उद्या तुम्हाला नेऊ तेव्हा तुमच्या बायकोने पैसे काढायचे का.

मला ते तेव्हापासून समजलं की इथे कोणी कोणावर दया करत नाहीये. मी पण तेव्हापासून झोळीला खांदा देतो.

ह्याचं कौतुक करताना रस्ता नाही हे विसरू नये, हेही सांगतो. माणसं चांगली आहेत म्हणून झोळी चालून जाते, पण रस्ता आणि ॲम्ब्युलन्स हा त्यांचा हक्क आहे आणि त्यासाठी बाबा स्वतः तालुक्याला अर्ज घेऊन जातात. आणि दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातकडे जातो तेव्हा मागे राहिलेल्या म्हाताऱ्या-पोरांची घरं, बकऱ्या, कोंबड्या मागे राहिलेलेच सांभाळतात. बाबांच्या घरी तेव्हा माझ्या वर्गातली चार-पाच पोरं जेवायला असतात. असं झालं की पोरांची शाळा सुटत नाही, मला हे फार मोठं वाटतं.

---

अरुणावतीकाठ :

मास्तर, हे जिभाऊंना दोनदा वाचून दाखवलं. म्हणे त्या बाबांना भेटायचंय. प्रवास झेपणार नाही त्यांना पण म्हणतायत खरे.

---

पीएचसीची ताई :

मी नर्स आहे, जळगाव जिल्ह्यात. धागा रोज वाचतेय, आज लिहायची हिंमत केली.

दया, प्रेमाने बोला, हे सांगणं सोपं असतं हो, पण ओपीडीत दीडशे माणसं, दोन नातेवाईक अंगावर येतायत, आणि आपण सकाळपासून पाणी प्यायलो नाही अशा वेळी आतून काहीच उरलेलं नसतं. २०२१ च्या एप्रिलमधे, दुसऱ्या लाटेत, मी घरी जाऊन कोणाशी बोलायची नाही. पेशंट गेला तरी रडू यायचं नाही आणि त्याचीच भीती वाटायची की मी दगड झाले का.

माझ्या सासूबाई, आम्ही माई म्हणतो, सातवी शिकलेल्या. त्यांनी काय केलं, मी आले की ओट्यावर बादली भरून ठेवलेली असायची, आंघोळ, मग ताट, आणि मी जेवून उठेपर्यंत घरात कोणी मला एकही प्रश्न विचारायचा नाही असा त्यांनी हुकूम काढला होता. पोरांना पण सांगितलं होतं. नवऱ्याने एकदा विचारलं आज किती पेशंट तर त्यालाही गप्प केलं. जिभाऊंचं पाणी आधी आणि विचारपूस नंतर हे वाचलं आणि मला माईच आठवल्या. त्यांनी मला कधी धीर धर वगैरे सांगितलं नाही. एक दिवस त्या बादलीजवळच मी बसून रडले, खूप वेळ, त्या नुसत्या शेजारी बसून होत्या.

आता मी पण वॉर्डात नवीन मुली येतात त्यांच्याशी तसंच करते. नाईट करून आलेल्या पोरीला आधी चहा, मग चार्ज घ्यायचा-द्यायचा. आणि पेशंटच्या बाबतीत एक शिकले, उभं राहून न बोलता स्टूल ओढून बसायचं. वेळ तेवढाच लागतो पण बसलं की म्हाताऱ्या माणसांना वाटतं आपलं ऐकतायत, आणि मग ते खरा त्रास सांगतात, जो उभ्याने विचारला तर सांगत नाहीत. एका आजोबांनी तीन वेळा येऊन पोटदुखी सांगितली होती, चौथ्यांदा मी बसले तेव्हा सांगितलं की बीपीच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून अर्धी अर्धी खातोय. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात हेच त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

---

अमळनेरची माहेरवाशीण :

ताई, स्टूलाचं लक्षात ठेवते, घरी सासऱ्यांशी बोलताना पण. तुम्हाला आणि माईंना खूप प्रेम.

आता एक कामाचं. चैत्र जवळ येतोय, रामनवमीपासून सप्तशृंगीचा चैत्रोत्सव सुरू होईल, त्यासाठी आपल्या खानदेशातून हजारो लोक पायी गडाकडे निघतात, धुळे-मालेगाव-देवळा-कळवण करत, भर उन्हात, बऱ्याच जणांच्या पायात चप्पल नसते. मालेगाव रस्त्याला दरवर्षी लोक पाणी-ताक-फराळ देतातच, ह्यावेळी आपण धाग्यावरचे लोक मिळून एक ठिकाण सांभाळू का? मी आणि मैत्रिणी दोन दिवस देऊ शकतो. जिभाऊंना विचारा कसं करायचं.

---

केळीबाग रावेर :

मी केळी पाठवतो. दोन दिवस पुरेल एवढी. पिकायला कधी घालायची ते फक्त आधी सांगा.

---

पीएचसीची ताई :

ओआरएस, बँडेज, मलम मी बघते. फोड आलेले पाय बघायला पहिल्या दिवशी सकाळी मी स्वतः येईन, सुट्टी टाकते. एक सांगून ठेवते, फोड आला की लोक तो सुईने फोडतात, तसं करू देऊ नका, स्वच्छ धुवून पट्टी बांधा. आणि कोणी उन्हात बडबडायला लागलं, घाम यायचा बंद झाला, तर सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन, अशा वेळी सरबत पाजत बसायचं नाही.

---

पांझरा धुळे :

धुळ्याच्या पुढे मालेगाव रस्त्याला आमच्या मावसभावाचं शेत आहे रोडटच, विहिरीला पाणी आहे आणि दोन मोठे निंब आहेत. जागा त्याची पक्की, विचारलं मी, आणि घरात आईला आणि वहिनीलाही विचारून झालंय. टँकर लागणार नाही. माझी गाडी दोन्ही दिवस तिथेच.

---

अरुणावतीकाठ :

जिभाऊंना आणि मोठमायला दोघांनाही विचारलं. यादी अशी आहे. माठ जमिनीवर नको, स्टुलावर ठेवा म्हणजे दमलेल्या माणसाला वाकावं लागणार नाही. ताट्या आणि बारदान ओलं करून सावली मोठी करा. खाटा कमीत कमी आठ, त्यातल्या दोन बायांसाठी आडोशाला, आणि बायांसाठी संडास-बाथरूमची सोय शेतमालकाच्या घरी होते का ते आधी विचारा, हे मोठमायने सगळ्यात आधी सांगितलं कारण पायी जाणाऱ्या बाया त्याच भीतीने पाणी पीत नाहीत आणि मग चक्कर येऊन पडतात. स्वयंपाक तिथे नको, केळी, मुरमुरे, ताक, गूळ-शेंगदाणे एवढंच. बॅनर लावायचा नाही. जे पायी जात नाहीयेत, ट्रकवाले, ठेलारी, रस्त्याचं काम करणारे मजूर, त्यांनाही तेच पाणी आणि तेच केळं, कुठे चाललात हे न विचारता.

मी आणि चुलतभाऊ आदल्या रात्री खाटा घेऊन पोचतो. मास्तर, तुमची परीक्षा-पेपर तपासणी नसेल तर या. पांझरा भाऊ, बायांच्या सोयीचं वहिनींना विचारून इथेच कळवा, ते नक्की झालं की बाकीचं ठरवू.

---

पांझरा धुळे :

विचारलं. वहिनी म्हणाली घराचं मागचं दार दोन्ही दिवस उघडं राहील, ड्रम भरून ठेवते, आणि तिला मदतीला दोन जणी पाहिजेत.

---

निंबाची सावली :

मी आणि जाऊबाई येतो. दोन्ही दिवस.